माझ्या झाडायच्या पाळीचा शनिवार

१ एप्रिल, शुक्रवार

आली! सव्वीस वर्षांची आहे. सव्वीस! पाठीवर एक सॅक, गळ्यात कुठल्याशा आजोबांचा वाटावा असा मफलर, आणि जिना चढताना दर पायरीवर थांबून कान देणं. "तुमचा जिना बोलतो," म्हणाली. मी म्हटलं, लाकडी आहे, करकरतो.

नाव फेन्या ब्रोडरझेन. गाव जर्मनीच्या पार वरच्या टोकाला, समुद्राकाठी, डेन्मार्कच्या वेशीला लागून. लिंडनेकची यंदाची नगरलेखिका! सहा महिने आमच्या पोटमाळ्यात राहणार. भाडं नगरपालिका देणार, वर दरमहा मानधन देणार, आणि बाईसाहेबांनी फक्त लिहायचं.

ही योजना गावात आणली कोणी? मी. नगरपालिकेच्या लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारणाऱ्या ॲनेग्रेट हेगेलेने. अर्ज मी केला, इतर गावांतून माहिती मी मागवली, पोटमाळाही आमचाच दिला. आणि मग नियम निघाला की लेखक बाहेरगावचाच हवा! नगराध्यक्ष राप तेव्हा खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "अहो हेगेलेबाई, तुम्ही तर घरच्याच. घरच्या माणसाला कोणी पाहुणा म्हणून बोलावतं का?" पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. आमच्याकडे तर ते नियमावलीतच छापलंय.

आईने विचारलं, "कशी आहे?" म्हटलं, बारीक आहे.

४ एप्रिल

तिचं पुस्तक वाचलं. पुस्तक! चौसष्ट पानं, त्यातली निम्मी कोरी. मुद्दाम कोरी. मलपृष्ठावर लिहिलंय की तिने एकदा शब्द बर्फात गोठवले आणि प्रेक्षकांच्या हातात वितळू दिले. एकदा अनोळखी माणसांच्या कोटांच्या आत, अस्तरावर, कविता टाचल्या. त्यासाठी बक्षीस मिळालं. दोन बक्षिसं.

माझी कादंबरी कपाटात आहे. बावीस वर्षं लिहिली. ह्याच गल्लीवर, ह्याच घरावर. अकरा प्रकाशकांनी परत पाठवली, त्यातल्या एकाने तर बिनसहीची चिठ्ठी लावून. माझे शब्द वितळतबितळत नाहीत, त्यांना कसर लागते.

आईने त्यातली एक ओळही वाचलेली नाही. मागे एकदा मी गठ्ठा तिच्या टेबलावर ठेवला होता. तिने त्यावर चष्म्याचं घर ठेवलं. आठवड्याने मी तो उचलून आणला, ती काही बोलली नाही. आमच्या श्वाबेन प्रांतात म्हणतातच — रागावलं नाही, म्हणजे पुरेसं कौतुक झालं. जेवण अप्रतिम झालं तर आई म्हणते, "खाता येतंय." मला फार नको होतं. 'वाचता येतंय' एवढं म्हणाली असती तरी चाललं असतं. चोपन्न वर्षांची घोडी झाले, आणि अजून त्या एका शब्दासाठी तिच्या तोंडाकडे बघते.

मला ह्या मुलीचा हेवा वाटतो. घ्या, लिहून टाकलं. इथे कोण वाचतंय!

९ एप्रिल, शनिवार

हसून हसून मेले असते, पण चिडले.

झाडायची पाळी ह्या आठवड्यात पोटमाळ्याची. मागच्या शनिवारी मी रीतसर पाळीची लाकडी पाटी तिच्या दाराच्या मुठीला अडकवून आले. म्हणजे आज संध्याकाळच्या आत जिना, मागचं अंगण आणि घरासमोरचा फुटपाथ तिने झाडायचा. हे सांगावं लागतं? आमच्याकडे पोरं हे अंगाईबरोबर शिकतात! पाच वाजले, सहा वाजले, झाडूचा पत्ता नाही. समोरच्या खिडकीत मोझरबाई उशीवर कोपर टेकून बसलेल्या — पहिल्या रांगेचं तिकीट काढल्यासारख्या.

शेवटी वर गेले. तर पाटी हिने खोलीत भिंतीवर टांगलेली! दोन फोटोंच्या मधोमध!

"किती सुंदर आहे ही," म्हणाली. "दाराला अडकवलेली सापडली. कोणी भेट दिली?"

मी खाली येऊन स्वतः झाडलं. काय करणार, मोझरबाई बघत होत्या. आईला सांगितलं, म्हटलं, बघ तुझी लेखिका. आणि आई हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! "भिंतीवर!" म्हणत होती, "भिंतीवर टांगली!" बाबा गेल्यापासून मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. मी इतके विनोद केले इतक्या वर्षांत.

१२ एप्रिल

आज मंगळवार, आणि फेन्याबाई फुटपाथ झाडतायत! चूक सुधारायची म्हणून. मोझरबाई वरून ओरडल्या, "मंगळवारी कोण झाडतं? लग्नबिग्न आहे का कुणाचं?"

मी माझ्या दुसऱ्या मजल्यावरून बघत होते. तेवढ्यात खालच्या मजल्याचं दार वाजलं, आणि आई! काठी टेकत रस्त्यावर! गुडघे दुखतात म्हणून चर्चला येत नाही, माझ्याकडे वर येत नाही, डॉक्टरला घरी बोलवावं लागतं — ती आई फुटपाथवर उभी राहून शिकवत होती.

"अगं बाई, कोपऱ्यातून बाहेर! बाहेरून कोपऱ्यात नाही! तुमच्या समुद्राकडे काय लाटा झाडतात का?"

मग काठी भिंतीला लावली, आणि झाडूवर त्या पोरीच्या हातावर स्वतःचा हात ठेवून दोनदा, तीनदा झाडून दाखवलं. मला झाडायला कोणी शिकवलं ते आठवत नाही. आईनेच शिकवलं असणार. पण हात धरून नाही.

१७ एप्रिल, ईस्टर

गोड वेणी-पाव, रंगवलेली अंडी, आणि तिसऱ्या खुर्चीवर ती. आईने बोलावलं, मला न विचारता.

चेरीची दारू दोन घोट पोटात गेल्यावर आईने पेला टेकवला आणि म्हणाली, "हे तुम्ही-तुम्ही पुरे झालं. मी क्लोटिल्डे. तू म्हण मला."

मी हातातलं अंडं खाली ठेवलं. मोझरबाई आणि आई चाळीस वर्षं समोरासमोर राहतात, अजून एकमेकींना 'तुम्ही' म्हणतात. माझ्या एवाल्डला तीन वर्षं ह्याच टेबलावर वाढलं, साखरपुडा झालेला होता — शेवटपर्यंत आडनावानेच, "हेर फ्योल, तुम्ही अजून बटाटे घेणार का?" कंटाळून गेला बिचारा. आणि ही सतरा दिवसांची पाहुणी!

"क्लोटिल्डे," ती म्हणाली, "तुझी अंडी फार छान आहेत."

"खाता येतात," आई म्हणाली. आणि लाजली! एक्क्याऐंशीव्या वर्षी!

अंडी मी रंगवली होती.

२८ एप्रिल

आज कहर झाला. आईने बाबांच्या दुकानाची किल्ली तिला दिली.

तळमजल्यावरचं चपला दुरुस्तीचं दुकान. बाबा गेले तेव्हापासून बंद. मी तिथे लिहायला बसू का म्हणून विचारलं होतं. तेही विनवणी करून, आणि एकदा नाही. खिडकी मोठी आहे, गल्ली दिसते, बाबांच्या चामड्याचा वास अजून येतो. आई म्हणाली होती, "तिथे बाबांचं सामान आहे." विषय संपला. मी वर्षानुवर्षं झोपायच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर लिहीत आले.

"तिला जागा लागते," आई आज म्हणाली. "पसारा असतो तिचा."

"आणि मला नव्हती लागत?"

"तुझा कुठे पसारा असतो!"

म्हणजे मी नीटनेटकी राहिले, ही माझी चूक!

२९ एप्रिल

किल्ली दोरीत ओवून गळ्यात घालते. दागिन्यासारखी.

८ मे, मातृदिन

मी सकाळीच पांढरी घंटाफुलं आणि चीजकेक घेऊन खाली गेले. "कशाला खर्च," आई म्हणाली. फुलं सिंकजवळ राहिली.

ती दुपारी आली. हात हलवत! बसली आईसमोर खिडकीत आणि विचारलं, "क्लोटिल्डे, तुला काय व्हायचं होतं गं?"

मी भांडी पुसत होते. मनात म्हटलं, आता बघ कशी गप्प बसवते. आईला असले प्रश्न चालत नाहीत.

"ट्राम चालवायची होती," आई म्हणाली. "श्टुटगार्टमध्ये. अर्ज भरला होता. वडलांनी चुलीत घातला."

चोपन्न वर्षं मी ह्या बाईच्या पोटची आहे. ट्राम! मला माहीतच नाही! आणि मग सुटलीच ती. ट्रामची घंटा कशी वाजवतात ते हाताने करून दाखवलं, पायाने दाबायची असते म्हणे. दोघी मिळून ठणठण करत होत्या. मी बशी पुसतच राहिले.

मी कधी विचारलं नाही, हे खरं आहे. पण तिने सांगायचं ना! मुलीला सांगायचं की रस्त्यावरच्या कुणाला?

माझ्या कादंबरीत आईवर पूर्ण प्रकरणं आहेत. त्यात ट्राम नाही. आता ती घालावी तर ती फेन्याची ट्राम होणार.

१९ मे

आता कळलं पसारा कसला आहे ते. केराचा!

गल्लीतल्या बायका शनिवारी झाडतात आणि केर पिशवीत भरून हिला आणून देतात. ही तो चाळते. हिवाळ्यात बर्फावर घसरू नये म्हणून टाकलेली बारीक खडी, माती, वाळलेली पानं — सगळं वेगळं करून बाबांच्या खिळ्यांच्या डब्यांत भरते. डब्यावर घर क्रमांक. "ह्यात तुमचा आठवडा आहे," म्हणाली मोझरबाईंना. त्या तशाच भारावून उभ्या! ज्या बाईने आयुष्यात पावाचा तुकडा फुकट दिला नाही, ती केराची पिशवी रिबीन बांधून आणते.

आणि केराबरोबर दर घराकडून एक वाक्य घ्यायचं. जे कुणाला तरी सांगायचं राहून गेलं असेल ते. नाव नाही, स्पष्टीकरण नाही. ही ते कागदावर लिहीत नाही, टेप करत नाही. डोक्यात ठेवते. जूनअखेरीस गल्ली बंद करून ज्याचं वाक्य त्याच्या घरासमोर, त्याच खडीने, मोठमोठ्या अक्षरांत रस्त्यावर पाडायचं. खाली उभं राहून वाचता येणार नाही, नुसते पट्टे दिसतील. आपापल्या वरच्या खिडकीतूनच वाचायचं. मग वारा आहे, पाऊस आहे. पुन्हा कुठेही छापणार नाही, कुणालाही सांगणार नाही.

लिहितच नाही! आणि नगरलेखिका!

नगराध्यक्ष राप लायब्ररीत येऊन कुजबुजले, "हेगेलेबाई, ही लिहिणार कधी हो? गेल्या वर्षीच्या गृहस्थांनी निदान किल्ल्यावर सुनीत केलं होतं." मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना उशिराचा दंड माफ केला.

३ जून

आज जिन्यात गाठलं मला. "ॲनेग्रेट, तुमचं एक वाक्य राहिलं." मला अजून तुम्ही म्हणते. मी म्हणू देते.

म्हटलं, "माझ्याकडे चारशे पानं आहेत. त्यातून एक वाक्य कुठून काढू?"

तर तिचे डोळे चमकले. "चारशे पानं? कशाची? मी वाचू?"

वाचू! बावीस वर्षांत आपणहून विचारणारं पहिलं माणूस. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "नाही."

का नाही म्हटलं? तिने वाचून "छान" म्हटलं असतं तर मला तिचे उपकार मानावे लागले असते. आणि काहीच म्हटलं नसतं तर त्याहून वाईट. नकोच ते. माझी पानं जिने वाचायची तिने वाचली नाहीत. आता परक्यांनी वाचून काय होणार?

११ जून

पेपरात आल्या! अर्धं पान! बाबांच्या दुकानाच्या दारात फेन्या आणि आई, दोघींच्या हातात एकच झाडू. खाली छापलंय, 'आजी-नातीसारखी जोडी'. आईला नात नाही. तेही जणू मीच करायचं राहून गेलं.

आईने कात्री मागितली. कापून फ्रिजवर लावलं.

गेल्या वर्षी लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीवर माझा लेख आला होता. त्या पानावर आईने पांढरी शतावरी सोलली. मी म्हटलं, अगं माझा लेख! तर म्हणाली, "सालं लेखावर नाहीत, जाहिरातीवर आहेत."

१८ जून

मोझरबाई पुस्तक बदलायला आल्या आणि काउंटरवर वाकून म्हणाल्या, "ऐकलंत का? सगळ्यात लांब वाक्य तुमच्या घरासमोरचं आहे. ती मोजमाप घेत होती तेव्हा मला दिसलं. तेच मुख्य असणार!"

आमच्या घराचं? मी वाक्य दिलं नाही. आई तर देणं शक्यच नाही. तरी घरी येऊन विचारलं, "तू दिलंस का गं तिला वाक्य?"

"बटाटे शिजले का बघ," आई म्हणाली.

म्हणजे नाही. म्हणजे ते हिचंच. ह्याच घरात राहते ना! सगळ्या गल्लीचा केर गोळा करून मधोमध स्वतःचं वाक्य, सगळ्यात लांब, माझ्या बाबांच्या दुकानासमोर! टीव्हीवाले येणार आहेत म्हणे. त्यांचा कॅमेराही ती माझ्याच खिडकीत लावणार असेल. जिथून मला रोज गल्ली दिसते तिथून आता तिचं वाक्य दिसणार.

खरं सांगू? माझा जळफळाट होतोय. पोटात दुखतंय अक्षरशः. आईला वाटलं काकडी बाधली.

२४ जून, शुक्रवार

दुपारपासून गल्ली बंद. ती गुडघ्यांवर रांगत नरसाळ्याने खडी ओतत होती. वारा नाही, ढग नाहीत, हवासुद्धा हिच्या बाजूची! उद्या अकराला उद्घाटन. बँड, नगराध्यक्ष, भाजलेले सॉसेज.

आमच्या घरासमोरचं तिने सगळ्यात शेवटी केलं. मी पडदा ओढून घेतला. वाचणार नाही म्हणजे नाही. आई मात्र केव्हाची खिडकीत खुर्ची टाकून बसली होती. खालून मला हाक मारली, "ॲनेग्रेट, बाहेर बघितलंस का?" म्हटलं, मला काम आहे.

उद्या शनिवार. पाळीची पाटी माझ्या दाराला आहे. आत्ता जाता-येता दिसली.

२५ जून, शनिवार

झाडलं.

उजाडल्या उजाडल्या खाली गेले. बाबांचा मोठा झाडू घेतला. खाली बघितलं तर खरंच काही कळत नव्हतं, नुसते करडे पट्टे. वाचायचं असतं तरी वाचता आलं नसतं. कोपऱ्यातून बाहेर, रेघेत, आईने शिकवल्यासारखं. आमची हद्द जिथे संपते तिथे थांबले, शेजारच्यांच्या खडीच्या एका दाण्यालाही हात लावला नाही. सगळं सुपलीत भरून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. वर बघितलं तेव्हा आईच्या खिडकीचा पडदा हलला. ती नेहमीच बघते, नीट झाडतेय का ते.

काय हलकं वाटलं! आंघोळ केल्यासारखं!

अकराला सगळे जमले. बारा घरांसमोर वाक्यं, आणि मधे आमचा फुटपाथ अन् रस्ता लख्ख. पडलेल्या दातासारखा. नगराध्यक्षांचं तोंड बघण्यासारखं होतं. मी सरळ सांगितलं, "शनिवार आहे. माझी पाळी आहे. पाटी लावलेली आहे, जाऊन बघा." आणि गंमत म्हणजे कोणी ब्र काढला नाही! पाववाले ग्मेलिन म्हणाले, "बरोबर आहे. पाळी ती पाळी." एक म्हातारे तर म्हणाले, "चूक त्या मुलीची. शनिवारी कोणी खडी टाकतं का?" टीव्हीवाला खो खो हसला आणि त्याने माझा फोटो काढला.

फेन्या पांढरीफटक पडली. रिकाम्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग वर आईच्या खिडकीकडे. आणि दुकानात जाऊन दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज येत होता. मी तिथेच उभी राहून सॉसेज खाल्लं. मोहरी जास्त लावून.

बाकीच्या घरांतून लोक वरच्या खिडक्यांत गर्दी करून वाचत होते. कुणी हसत होतं, कुणी एकदम गप्प होऊन आत जात होतं. ग्मेलिनच्या बायकोने तर नवऱ्याला रस्त्यातच मिठी मारली! मी आमच्या पायरीवर उभी होते. जिंकल्यासारखं वाटत होतं. दुपारपर्यंत वाटत होतं.

आई दिवसभर खाली उतरली नाही.

२६ जून, रविवार

जेवायला खाली गेले. मसूर, नूडल्स, सॉसेज. फेन्या आली नाही. आईने तिसरी थाळीही मांडली नव्हती.

मग आई म्हणाली, "नीट झाडलंस. कोपरेसुद्धा."

आयुष्यात पहिल्यांदा! मी चमचा खाली ठेवला. कौतुक केलं तिने माझं!

मग तिने विचारलं, "झाडायच्या आधी वाचलंस का?"

म्हटलं, "त्यात काय वाचायचं होतं!"

"हं," आई म्हणाली. मसुरात व्हिनेगर घातलं, आणि मग पुन्हा घातलं. खाल्लं मात्र नाही.

२७ जून, सोमवार

लायब्ररीला सुट्टी. मोझरबाई वर आल्या. माझ्या मजल्यावर, प्रथमच. डोळे लाल. म्हणाल्या, "तुम्ही शनिवारी झाडलंत ते बरोबरच होतं हो, पाळी ती पाळी. पण मला राहवेना. मी पहाटेच उठते. समोरून अक्षरं उलटी दिसत होती, चष्मा लावून, मान वाकडी करून वाचलं कसंबसं. चाळीस वर्षं समोर राहते मी, पण क्लोटिल्डेबाईंच्या तोंडून असं काही निघेल, असं वाटलं नव्हतं. तुम्ही वाचलंत तेव्हा काय वाटलं हो?"

मी विचारलं, काय लिहिलं होतं?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पाठ असल्यासारखं म्हणून दाखवलं:

"ॲनेग्रेट कामावर गेली की मी जिना चढून वर जाते आणि तिची कादंबरी वाचते. रोज एकच पान वाचते, लवकर संपू नये म्हणून."

आई खाली आहे. खुर्ची सरकल्याचा आवाज आला आत्ता. मला खाली जायला हवं. देवा, तोंड काय दाखवू तिला!